भिंतीला फुटलेला घाम

पत्र मिस्त्रींच्या हाती पडू नये म्हणून थोरली तीन आठवडे पोस्टमनच्या वेळेला दारात घुटमळत होती, आणि नेमकी सोमवारी ती दोऱ्याची रिळं आणायला कोपऱ्यावर गेली. परत आली तर सासरे स्वयंपाकघरात टेबलाशी ताठ बसलेले, चष्मा नाकावर, पाकीट सुरीनं नीट कापलेलं.

"‘हिवाळी बिल-मदत योजना,’" त्यांनी वाचलं. "‘अल्प उत्पन्न कुटुंबांसाठी. आपल्या अर्जानुसार गुरुवारी सकाळी दहा वाजता आमचे प्रतिनिधी घराच्या तापमानाची पाहणी करण्यास येतील.’ सूनबाई, हा ‘आपला अर्ज’ म्हणजे कुणाचा अर्ज?"

थोरलीनं रिळं टेबलावर ठेवली. त्यातलं एक घरंगळलं. ते मिस्त्रींनीच पकडलं आणि उभं करून ठेवलं.

"माझा," मधल्या खोलीतून आवाज आला. मग खोकला, मग पुन्हा आवाज. "सही माझी आहे. घर माझ्या नावावर आहे ना? मग मी केला अर्ज. तिला बोलायचं काम नाही."

घर सासूबाईंच्या नावावर होतं खरं. लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा मिस्त्रींनी स्वतः, चार माणसांदेखत ते करून दिलं होतं, आणि पुढची वीस वर्षं भेटेल त्याला सांगितलं होतं. तोच कागद असा फिरून अंगावर येईल, हे काही त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं.

अर्ज भरला होता थोरलीनंच, इस्पितळातल्या खाटेवर, सासूबाईंच्या पायांशी बसून. न्यूमोनियाचे अकरा दिवस. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं, "खोली अठरा अंशांच्या खाली जाता कामा नये. पुन्हा छाती भरली तर या वयात मी कसलीच खात्री देणार नाही." हे ऐकताना मिस्त्री खिडकीखालच्या, गरम पाण्यानं खोली तापवणाऱ्या रेडिएटरकडे बघत होते. तो रेडिएटर त्यांनीच बसवलेला होता. त्या इस्पितळाच्या तळघरातला बॉयलर त्यांनी छत्तीस वर्षं चालवला होता. दोनशे खाटा, सहा वॉर्ड, आणि बाहेर बर्फ पडो की वारा सुटो, आत बावीस. त्या छत्तीस वर्षांत एकाही पेशंटनं जास्तीचं पांघरूण मागितलं नाही, असं ते सांगत. ते खरं असावं, कारण मिस्त्री आकड्यांत कधी वाढवून सांगत नसत.

आणि त्याच माणसाच्या घरात दोन हिवाळे चार खोल्यांच्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह बंद होते. गॅसचे दर वाढले, थोरल्या मुलाच्या बसच्या फेऱ्या कमी झाल्या, पेन्शन आहे तेवढीच राहिली. मिस्त्रींनी कुणाशी चर्चा केली नाही. एका सकाळी पाना घेतला आणि वरची खोली बंद केली. आठवड्यानं मागची. मग पुढची. मग मधली. सगळं घर स्वयंपाकघरात येऊन बसलं. थोरलीचं शिलाई मशीनही तिथेच आलं. बोटं उघडी असलेले हातमोजे घालून ती लोकांचे कोट उसवायची नि शिवायची. सासूबाई इस्पितळातून आल्यावर मधल्या खोलीचा व्हॉल्व्ह उघडला, पण घरचा बॉयलरच दिवसातून चार तास चालायचा. चार तासांत अठरा कुठून येणार?

"येऊ देत त्यांना," मिस्त्री म्हणाले. त्यांनी पत्राची घडी पुन्हा होती तशी घातली. "जरूर येऊ देत. पण मिस्त्रीचं घर गारठलेलं आहे, असं लिहून इथून कुणी जाणार नाही."

*

थोरलीचा नवरा बस चालवायचा. घरात वादळ यायचं असलं की नेमकी त्याची पहिली पाळी असायची. "तुझं बरोबर आहे," त्यानं बुधवारी तिला सांगितलं, "शंभर टक्के बरोबर आहे. फक्त बाबांना ते मी सांगणार नाही." आणि गुरुवारी पाच वाजता तो डबा घेऊन गेला.

म्हणून थोरलीनं धाकट्या दिराला फोन केला होता. तो विम्याच्या कंपनीत होता, शहराच्या नव्या भागात राहायचा, आणि शिकलेला म्हणून मिस्त्री त्याचं थोडंफार ऐकत. तो गुरुवारी आठलाच आला. गाडीच्या डिकीतून त्यानं एक मोठा हीटर काढला.

"हे काय भावजी?"

"तेलाचा हीटर. आमच्याकडे पडूनच असतो." त्यानं आवाज खाली केला. "वहिनी, खरं सांगू? मला आधी विचारायचं होतंत. त्या कार्यालयातल्या निम्म्या लोकांचे विमे आमच्याकडे आहेत. आडनाव वाचलं की ओळखतील. आणि मी गेल्या महिन्यात आलो होतो, तेव्हा घर तर चांगलं उबदार होतं."

थोरली काही बोलणार तोवर मागून आत्याबाई आल्याच. मिस्त्रींची धाकटी बहीण. दोन पिशव्या, दोन्हींत एकेक पंख्याचा हीटर, आणि बगलेत गुंडाळलेला गालिचा.

"दादानं काल निरोप धाडला," त्या धापा टाकत म्हणाल्या. "पाहुणे येतायत म्हणाला. मी म्हटलं, झाकली मूठ सव्वा लाखाची, आपण असताना ती उघडू द्यायची नाही. पकड गं हे. प्लग कुठाय?"

मिस्त्रींनी सहालाच सगळे व्हॉल्व्ह उघडले होते. नळ्यांत हवा अडकली होती. प्रत्येक रेडिएटरशी उकिडवं बसून त्यांनी ती बारीक किल्लीनं सोडली. हवा सुस्कारत बाहेर आली, मग पाण्याचे चार थेंब, मग भिंतींमधून गरम पाणी पळाल्याची गुणगुण. ते ऐकताना थोरलीला आपलं आपल्यालाच नवल वाटलं. तिला बरं वाटत होतं. घर जागं झाल्यासारखं झालं होतं.

तिथूनच ती वाहवत गेली. या घरात पाहुणे येणार म्हटलं की हात आपोआप चालायचे. पडदे तिनं पहाटेच धुतले होते, ते आणि कालचे सगळे ओले कपडे दोरीसकट मागच्या खोलीत नेऊन कोंबले आणि दार ओढून घेतलं. टेबलावर नवं कापड घातलं. चहाचं आधण ठेवलं, ते उकळत राहिलं, खिडक्या धुरकटल्या. आत्याबाईंनी गालिचा अंथरला. दिरानं हीटर सासूबाईंच्या खाटेच्या डोक्याशी लावला. सासूबाई उशीला टेकून सगळ्यांची धावपळ बघत होत्या.

"वहिनीचे गाल बघा कसे लाल झालेत," आत्याबाई म्हणाल्या. "नवरीच जशी."

"नवरी होते तेव्हाही इतकी उकडले नव्हते," सासूबाई म्हणाल्या.

सगळे हसले. थोरलीही हसली. घामेजली होती म्हणून तिनं स्वेटर डोक्यावरून काढला, खुर्चीच्या पाठीला अडकवला, आणि तिथेच थबकली. दोन हिवाळ्यांत तिनं दिवसाढवळ्या घरात स्वेटर काढला नव्हता.

"आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "अहो, आपण काय करून बसलो हे?"

"काय केलं? घर नीट केलं."

"ती बाई घर किती गार आहे ते बघायला येतेय."

आत्याबाईंच्या हातात हीटरचा प्लग होता. त्यांनी प्लगकडे बघितलं, मग थोरलीकडे.

"अगंबाई," त्या म्हणाल्या.

आणि बेल वाजली.

*

तपासनीस बाई तिशीच्या आतबाहेरच्या होत्या. जाड कोट, पाठीवर पिशवी, बुटांवर बर्फ. आत पाऊल टाकलं आणि त्यांच्या चष्म्याच्या काचा पांढऱ्या झाल्या. त्या तशाच, आंधळ्या उभ्या राहिल्या, आणि हसून म्हणाल्या, "छान उबदार आहे हो घर तुमचं."

मिस्त्रींची छाती दोन बोटं वर आली. "या. कोट द्या इकडे. या घरात कोट घालून बसत नाहीत."

थोरलीला वाटलं, जमीन दुभंगावी.

बाईंनी पिशवीतून हाताएवढं यंत्र काढलं, पुढच्या खोलीच्या मधोमध छातीच्या उंचीवर धरलं आणि थांबल्या. बावीस. वरच्या खोलीत एकवीस. स्वयंपाकघरात तेवीस. मधल्या खोलीत सासूबाईंना नमस्कार करून, तब्येत विचारून, खाटेशी धरलं. बावीस पूर्णांक चार. प्रत्येक आकडा त्यांनी कागदावर लिहिला. मिस्त्री मागे हात बांधून पाठोपाठ चालत होते आणि प्रत्येक आकड्याला मान डोलवत होते. एकेकाळी इस्पितळाचे बडे डॉक्टर तळघरात यायचे, तेव्हा ते असेच चालत असतील, असं थोरलीला वाटलं.

"मी स्पष्टच सांगते," बाई म्हणाल्या. "अर्जावर आजारी व्यक्ती आहे, डॉक्टरांचा कागद आहे, उत्पन्नही बसतंय. पण तातडीच्या यादीसाठी आजारी माणसाची खोली अठराच्या खाली असावी लागते. इथे बावीस आहे. मग मी नाव साध्या यादीत घालते. त्यांचा नंबर साधारण उन्हाळ्यापर्यंत लागतो."

"उन्हाळ्यात घर तापवायला मदत," आत्याबाई पुटपुटल्या. "वा."

"बाबांना मदतीची गरजच नाहीये," दीर म्हणाला. "वहिनींचा जरा गैरसमज झाला. मी इथे येतजात असतो ना."

"रोज असं नसतं," थोरली बोलून गेली. आवाज तिला वाटला त्याहून मोठा निघाला. "बाई, हे रोज असं नसतं. आज तुम्ही येणार म्हणून..."

"सूनबाई," मिस्त्री म्हणाले. तेवढंच.

बाईंनी तिच्याकडे बघितलं, मग मिस्त्रींकडे. "असं आहे का काका?"

मिस्त्री खोटं बोलले नाहीत. त्यांनी दात आवळून धरले. थोरली त्यांचा जबडा बघत होती. तिला त्यांचा राग आला होता आणि त्याच क्षणी, या परक्या बाईपुढे त्यांना आणखी उघडं पाडायची तिला लाजही वाटत होती. पंधरा वर्षांपूर्वी ती या घरात आली, तेव्हा तिच्या माहेरची गळकी टाकी याच माणसानं, कुणी न सांगता, रविवारी जाऊन नीट करून दिली होती. चहाही घेतला नव्हता.

"मी जे दिसतं तेच लिहू शकते," बाई हळू आवाजात म्हणाल्या. "माझा इलाज नाही. एक खोली राहिली ना? मागची?"

"तिथे अडगळ आहे," दीर, आत्याबाई आणि थोरली एकदम म्हणाले.

बाईंनी दार ढकललं.

आधी कपडे दिसले. ओल्या पडद्यांच्या नि चादरींच्या तीन रांगा. त्यापलीकडे उत्तरेची भिंत. भिंत चमकत होती. वरपासून खालपर्यंत पाण्याचे ओघळ लागले होते, कुठे सरळ, कुठे एकमेकांत मिसळून, आणि खाली फरशीवर थारोळं साचलं होतं.

"भिंत ओली कशानं झाली?"

"जुनं घर आहे," दीर म्हणाला.

"रंगच तसा आहे," आत्याबाई म्हणाल्या. "चकचकीत. आजकाल मिळत नाही."

बाईंनी बोट लावलं. बोट ओलं झालं. आत्याबाई छताकडे बघू लागल्या.

तेव्हा मधल्या खोलीतून सासूबाईंचा आवाज आला. खोकल्याशिवाय, अगदी स्वच्छ.

"पाईप गळतोय. केव्हाचा गळतोय. ह्यांच्याच हातचं काम आहे ते. सांधे कच्चे राहिलेत. लिहा बाई तुम्ही, पाईप गळतोय म्हणून."

बाईंनी कागदावर पेन टेकवलं. "मग मला ‘गळती, यंत्रणेची देखभाल नीट नाही’ असा शेरा..."

"काय?" मिस्त्री म्हणाले.

"अहो, चिडू नका. वय झालं की होतं," सासूबाई तिकडून म्हणाल्या.

"गळती? माझ्या सांध्याला?" मिस्त्रींचा चेहरा तांबडा झाला. "थांबा. पेन खाली ठेवा. एक अक्षर लिहायचं नाही. सूनबाई, कोरडं फडकं आण. पांढरं आण!"

थोरलीनं नवं टेबलक्लॉथच ओढून दिलं.

मिस्त्री ओल्या चादरींखालून वाकून गेले आणि गुडघ्यांवर बसले. रेडिएटरच्या डाव्या सांध्याला त्यांनी पांढरं कापड गुंडाळून आवळलं, मोजून दहापर्यंत थांबले, आणि कापड बाईंच्या नाकासमोर धरलं. कोरडं. उजवा सांधा. कोरडं. भिंतीत शिरणारी नळी. कोरडं. "हा सांधा मी बसवला तेव्हा हा," त्यांनी धाकट्याकडे बोट केलं, "रांगत होता. तेव्हापासून एक थेंब नाही. एक! चला, बॉयलर बघा. दाबाचा काटा बघा. गळती असती तर काटा खाली आला असता. सहाला दीडवर होता, आत्ताही दीडवर आहे. गळती म्हणे!"

"मग काका, हे पाणी कुठून आलं?"

"हवेतून! कुठून येणार?" आता ते शिकाऊ पोरांना शिकवायचे त्या आवाजात बोलत होते. "सकाळपासून आधण उकळतंय, हे ओले कपडे, वर आठ माणसांइतकं बोलणारी ही माझी बहीण. सगळी वाफ हवेत. गरम हवा वाफ धरून ठेवते. तीच हवा गार भिंतीला लागली की वाफेचं पाणी होतं. तुमच्या चष्म्याचं काय झालं आत आल्यावर? काच गार होती म्हणून झालं ना? तेच हे. हवा काय, तासाभरात तापते. वीट तापायला आठवडा लागतो. ही भिंत दोन हिवाळे..."

ते थांबले.

हात अजून भिंतीवर होता. बाहीत पाणी शिरत होतं. बाईंनी विचारलं नाही, पेनही उचललं नाही. मागे आत्याबाईंनी डोळे मिटून घेतल्याचं थोरलीला दिसलं.

"ही भिंत दोन हिवाळे तापलेली नाही," मिस्त्रींनी वाक्य पुरं केलं. "या खोलीचा व्हॉल्व्ह मी बंद केलाय. आज सहाला उघडला."

"बाबा," दीर म्हणाला.

"तू थांब." ते उठले. गुडघा वाजला, धाकट्यानं पुढे केलेला हात त्यांनी घेतला नाही. ते जिन्याखालच्या बॉयलरच्या कपाटाशी गेले आणि एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही घेऊन आले.

ती वही थोरलीनं हजारदा बघितली होती आणि एकदाही उघडली नव्हती. बॉयलरमागे खिळ्याला दोरीनं टांगलेली असायची. बॉयलरवाल्यांची सवय. इस्पितळात दर पाळीला दाब नि तापमान वहीत उतरवावं लागे. निवृत्त झाल्यावर मिस्त्रींनी तीच शिस्त घरी आणली, एवढंच सगळ्यांना माहीत होतं. म्हातारपणचा चाळा म्हणून कुणी लक्ष दिलं नव्हतं.

"रोज दोन वेळा," ते बाईंना म्हणाले. "सकाळी सहा, संध्याकाळी सहा. पाऱ्याच्या थर्मामीटरनं. प्रत्येक खोली. वहीत जे असेल तेच लिहायचं, हे मला माझ्या पहिल्या मुकादमानं शिकवलं. म्हणाला होता, तोंडानं हवं ते बोल, वहीत खोटं लिहिलंस तर बॉयलर फुटतो."

बाईंनी वही टेबलावर उघडली. पानांवर आखलेले रकाने. तारीख, वेळ, पाच खोल्या, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. अक्षर छापल्यासारखं. मागची खोली सात. आठ. सात. मधली अकरा. दहा. अकरा. बाई बोट फिरवत खाली येत होत्या. एका ओळीशी बोट थांबलं.

"सहा तारखेला मधली खोली नऊ. पुढे ‘इस्पितळ’ लिहिलंय."

"त्या सकाळी हिला नेलं," मिस्त्री म्हणाले. "नऊ होतं. मी वाचलं, लिहिलं आणि मग ॲम्ब्युलन्सला फोन केला." त्यांनी नऊच्या आकड्यावर बोट ठेवलं. "मला आकडा माहीत होता, बाई. घरात बाकी कुणाला नव्हता. दोनशे परक्या माणसांना मी बावीसमध्ये ठेवलं."

थोरलीनं मधल्या खोलीच्या दाराकडे बघितलं.

बाईंनी चष्मा पुसला, जरा जास्त वेळ पुसला. मग कामाच्या आवाजात म्हणाल्या, "एकदाचं मोजलेलं तापमान आणि रोजची नोंद, यात नियमानं रोजची नोंद धरता येते. नोंद करणारा माणूस जाणकार असेल आणि त्यानं सही दिली तर. तुम्ही याआधी हे काम...?"

"छत्तीस वर्षं. सरकारी परवाना आहे. आणू?"

"आणा."

परवाना भिंतीवरच्या चौकटीत होता. तो खिळ्यावरून काढायला धाकट्याला स्टुलावर चढावं लागलं. बाईंनी पानांचे फोटो घेतले, भिंतीला यंत्र टेकवलं. भिंत अकरा. तोही आकडा लिहिला. मग कागद मिस्त्रींपुढे सरकवला.

"अर्जदाराची सही झालेली आहे, इथे नोंद करणाऱ्याची हवी. उद्याच तातडीच्या यादीत जाईल. आजारी माणूस आहे, तेव्हा गॅस तोडता येणार नाही, तसं पत्र मी आजच देते. पहिली मदत दोन दिवसांत बिलावर दिसेल."

मदत मागणाऱ्याच्या ओळीवर मिस्त्रींनी सही केली असती का, हे थोरलीला कधीच कळलं नाही. या ओळीवर त्यांनी केली. आधी पेन झटकलं, मनगट मोकळं केलं, आणि नावाखाली जुन्या सवयीनं पूर्ण हुद्दा लिहिला. बॉयलर चालक, प्रथम वर्ग.

"आणि बाई," ते म्हणाले, "ते गळतीचं लिहिलं नाहीत ना?"

"नाही काका."

"मग वर लिहा. सांधे कोरडे आहेत."

बाईंनी खरंच लिहिलं. थोरलीनं वाकून वाचलं.

*

बाई गेल्यावर आत्याबाईंनी हीटर पिशव्यांत भरायला घेतले. एक भरला. दुसऱ्याची वायर तीनदा गुंडाळली नि तीनदा सोडली. "मेली बसतच नाही पिशवीत," त्या म्हणाल्या. "राहू दे इथेच. वहिनीच्या खाटेशी. आणि तू," त्या थोरलीकडे वळल्या, "अर्ज भरायचा होता तर मला सांगायचंस. माझं अक्षर तुझ्यापेक्षा बरं आहे." थोरलीला घरात आल्यापासून आत्याबाईंकडून मिळालेली ही पहिली शाबासकी होती. तिनं ती ओळखली आणि गुपचूप घेतली.

मधल्या खोलीत मिस्त्री खाटेच्या कडेवर बसले होते.

"सांधे कच्चे," ते म्हणत होते. "पंचेचाळीस वर्षं संसार केलास आणि परक्या बाईला सांगतेस, सांधे कच्चे."

"मग काय सांगायचं होतं? माझा नवरा थोर आहे, हे? ते ऐकून तुम्ही खूश झाला असतात नि बाई निघून गेली असती."

"दुसरं काहीही बोलायचं."

"दुसऱ्या कशाला तुम्ही तोंड उघडलं असतंत?" सासूबाईंनी त्यांची ओली बाही चिमटीत धरली. "बदला हा शर्ट. एका घरात दोन न्यूमोनिया नकोत."

धाकटा अजून टेबलाशी होता. वही त्याच्यापुढे उघडी होती. तो एकेक पान उलटत होता आणि थोरलीच्या लक्षात आलं, तो आकडे वाचत नव्हता. तो फक्त शेवटचा रकाना वाचत होता. अकरा, दहा, अकरा, आणि मध्येच कुठेतरी सगळ्या खोल्या एकोणीस, वीस. त्या प्रत्येक ओळीपुढे शेरा एकच. ‘पाहुणे.’

"वहिनी," तो म्हणाला, "हा माझा वाढदिवस. हा गेल्या महिन्यातला रविवार. ही... मी आलो होतो तो दिवस." त्यानं मागं आणखी दोन-तीन पानं उलटली. "दोन वर्षांत पाहुणे कोण आलं होतं?"

दुसरं कोणी आलं नव्हतं.

त्यानं वही मिटली, जिन्याखाली जाऊन खिळ्याला टांगली, आणि वडिलांना न सांगताच निघाला. तेलाचा हीटर विसरला. तो परत न्यायलाही आला नाही.

आला तो रविवारी. फोन न करता, सकाळी सहाच्या आधी, अंगात जाड कोट. दार थोरलीनं उघडलं. मिस्त्री आतून आले, थर्मामीटर हातात, आणि मुलाकडे बघून सवयीनं जिन्याकडे, व्हॉल्व्हकडे वळले.

"नको बाबा," धाकटा म्हणाला.

"पुढची खोली सात आहे रे."

"असू दे. मी स्वयंपाकघरात बसतो."

मग मिस्त्रींनी पुढे न जाता मधल्या खोलीचं दार हळूच लोटून थर्मामीटर आत टेकवला. त्या एका खोलीपुरता बॉयलर आता चोवीस तास चालायचा. सासूबाई झोपल्या होत्या, एक हात पांघरुणाबाहेर. पारा स्थिरावेपर्यंत ते वाकून थांबले, सरळ झाले तेव्हा त्यांची पाठ थोरलीला तीन दिवसांपूर्वीपेक्षा ताठ दिसली.

स्वयंपाकघरात धाकटा कोटासकट खुर्चीवर बसला होता, शिलाई मशीनला खेटून, दोन्ही हात कपाभोवती. थोरलीनं त्याला बोटं उघडी असलेले आपले जुने हातमोजे दिले. त्यानं ते घातले. एका बोटाला भोक होतं. त्यावरून त्यानं तिची थट्टा केली, "शिंपिणीच्या घरी हे?"

मिस्त्रींनी वही आणली आणि उभ्या उभ्याच लिहिलं. पुढची सात. मागची आठ. वरची सात. स्वयंपाकघर तेरा. मधली एकोणीस. मग पेन शेऱ्याच्या रकान्यावर आलं. त्यांनी धाकट्याकडे एकदा बघितलं, आणि रकाना कोरा ठेवून वही मिटली.